कबऱ्या अस्वलाचं उष्टं

वनचौकीच्या भिंतीवर कागद लागला तेव्हा थांग लानज्यू आंबवलेल्या पाल्याच्या पाण्यात नूडल्स सोडत होती. बातमी आणली तिसरीने. तिसरी म्हणजे लानज्यूच्या तिसऱ्या दिराची बायको. हेइशिगोउ गावात सगळे तिला नुसतं तिसरीच म्हणायचे, पण बातमी पोचवण्यात तिचा नंबर कायम पहिला. दारात उभी राहून ती आधी पातेल्यात डोकावली, वाफ नाकात भरून घेतली आणि म्हणाली की आधी जेवून घे, ऐकल्यावर घास उतरायचा नाही.

लानज्यूने झारा खाली ठेवला. "बोल."

कागदात होतं ते असं. पालथी कढई नावाच्या डोंगराच्या उतारावरचं बांबूचं बेट थकलंय. कबरी अस्वलं, शहरातले लोक ज्यांना पांडा म्हणतात ती, वर्षानुवर्षं तिथले कोंब खातात, आणि त्यांनी खाल्लेल्या जागी बांबू परत जोम धरत नाही, असं शहरातून येणाऱ्या संशोधक न्ये मास्तरांच्या तीन वर्षांच्या अभ्यासात दिसून आलंय. सबब महिनाअखेर यंत्रं लावून सगळा उतार कापून साफ करायचा, रोपवाटिकेतली रोपं ओळीने लावायची, भोवती कुंपण घालायचं. गावाला दर वसंतात कोंब काढायला नऊ दिवस मिळायचे, ते यंदापासून बंद.

लानज्यूचा नवरा देग्वेइ ओट्यावर अक्रोड फोडत बसला होता. तो म्हणाला, सरकारी कागद आहे, चार पाऊस झाले की आपोआप गळून पडेल. लानज्यूने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की हातातला अक्रोड त्याने फोडलाच नाही, नुसता धरून बसला.

नऊ दिवसांचं तर होतंच. त्या नऊ दिवसांत काढलेले कोंब उकडून, धुरावर वाळवून घराघरात टांगले जायचे आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर हिवाळाभर पुरायचे. पण लानज्यूच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या 'कापून साफ' वर. शेजारचा डोंगर असाच कापून साफ केला होता, ती लग्न होऊन आली त्या वर्षी. ओळीने लावलेला बांबू तिथे आजही आजारी माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखा उभा आहे. त्या डोंगरावर त्यानंतर एक अस्वल फिरकलेलं नाही. आणि पालथी कढई तर तिच्या पायाखालची. तीस वसंत ती त्या उतारावर चढली होती. पहिला कोंब कुठल्या दगडाआडून डोकं काढतो, अस्वलीण पिल्लाला घेऊन कुठल्या ओघळाने उतरते, हे तिला स्वतःच्या माळ्यावरच्या मडक्यांसारखं पाठ होतं.

ती ओल्या हातांनीच चौकीवर गेली. चौकीप्रमुख फान साहेबांच्या बोटांना अजून खळ चिकटलेली होती. ते म्हणाले, हुकूम जिल्ह्याचा, अभ्यास मास्तरांचा, माझी फक्त खळ. परवा न्ये मास्तर येणार आहेत, गावाला समजावून सांगतील, तेव्हा काय ते बोला. लानज्यू म्हणाली की बोलणार तर आहेच, टेबल मोठं मांडून ठेवा. फान साहेबांना टेबलाचं काही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लानज्यू आणि तिसरी पाठीला टोपल्या लावून वर गेल्या. कोंब काढायला बंदी होती, अस्वलाचं उष्टं गोळा करायला नव्हती. ते त्यांना पायवाटेपासून पन्नास पावलांवरच सापडलं. अस्वल बसलं होतं तिथे पाचोळा दाबला गेला होता, समोर सोललेल्या सालींचा ढीग, मागे लेंड्यांचा. आजूबाजूला वीतभर उंचीचे खुंट, दातांनी तोडलेले, वरून चिंध्या झालेले. अंगठ्याएवढे जाड कोंब तेवढे वेचून खाल्ले होते. करंगळीएवढ्यांना हातही लावला नव्हता, उशिरा फुटलेले तसेच होते, जुने पानांचे बांबू सगळे जागेवर. आणि हीच जागा गेल्या वसंतातही अस्वलाने खाल्लेली होती, कारण वाळून करड्या पडलेल्या जुन्या खुंटांमधूनच यंदाचे जाडजूड कोंब वर आले होते.

"हे थकलेलं बेट," लानज्यू म्हणाली. "असं थकायला मला पण आवडेल."

तिने खुंट कापून घेतले, साली घेतल्या, आणि लेंड्या तर टोपली भरून घेतल्या. तिसरी म्हणाली, एवढ्या कशाला, दोन पुरे झाल्या असत्या. लानज्यू म्हणाली, मास्तर शिकलेला माणूस आहे, त्याला भरपूर पुरावा लागतो.

मास्तर आले ते शिआन शहराहून गाडीने, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. वय चाळिशीचं. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा, जणू तिथे आकडा लिहिलेला आहे. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला आणि बोलायला घसा खाकरला, तोच लानज्यू उठली आणि टोपली त्यांच्यापुढे टेबलावर पालथी केली.

कबऱ्या अस्वलाच्या लेंड्या रताळ्याएवढ्या असतात, हिरव्यागार, आणि एक गडगडत जाऊन मास्तरांच्या चहाच्या पेल्याला टेकली.

"वास घ्या," लानज्यू म्हणाली. "घाबरू नका. त्यांना बांबूचाच वास येतो. हा जाड कोंबांचा आहे. बांबू थकलेला असता तर एवढं जाड अस्वलाला मिळालं कुठून?"

मागच्या बाकावर बायका तोंडाला पदरासारख्या बाह्या लावून हसत होत्या. फान साहेबांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी मात्र पेला सरकवला, पेनाने लेंडी बाजूला केली आणि शांतपणे तक्त्याकडे वळले. तो शांतपणाच लानज्यूला जास्त झोंबला.

ते म्हणाले, उतारावर बारा चौकोन आखले होते, दोरी लावून, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून. सहा अस्वलांसाठी मोकळे सोडले. पण अस्वल मनाला येईल तेव्हा येतं, मनाला येईल तेवढं खातं, त्यावरून हिशोब लागत नाही. म्हणून उरलेल्या सहांत अस्वल खातं तसं माणसाकडून कापून घेतलं, दोन वसंत. आणि यंदा त्या सहांत जे उगवलंय ते चॉपस्टिकपेक्षा बारीक आहे. म्हणजे खाण्याने बांबूचं काय होतं ते स्पष्ट आहे. आणि कापणाऱ्या तुम्हीच होता, थांग ताई.

ते खरं होतं. दोन्ही वसंत विळा लानज्यूचाच. यंदा मात्र मास्तर दोन विद्यार्थ्यांना घेऊन नुसते मोजून गेले होते, तिला बोलावलंच नव्हतं. गेल्या वर्षी कोंब जरा सडपातळ वाटले होते, पण गेल्या वर्षी थंडीही लांबली होती. चॉपस्टिकपेक्षा बारीक, हे तिच्या डोक्यात बसेना. तिला एकच सुचलं.

"तुमच्या पोरांनी मुळ्या खणून नेल्या," ती म्हणाली. "माती न्यायच्या नावाखाली. मी कापलं तेव्हा बेट धडधाकट होतं. नंतर तुम्ही त्याचं वाटोळं केलंत आणि आता नाव घालताय अस्वलाच्या माथी."

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते पहिल्यांदाच तिच्या कपाळाऐवजी डोळ्यांत बघून म्हणाले की तुम्ही मला खोटं पाडताय. लानज्यू म्हणाली की पाडत नाही, तुम्ही आधीच पडलेले आहात. फान साहेब मध्ये पडले. चौघांनी वर जाऊन डोळ्यांनी बघू या, म्हणाले, तोवर कुणी तरी हे टेबल पुसा.

चौघं म्हणजे फान साहेब, मास्तर, लानज्यू आणि तिसरी. तिसरीला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला मागे ठेवायचं तर खांबाला बांधावं लागलं असतं.

वाटेत लानज्यूचा पट्टा चालूच होता. शहरात बांबू फक्त सुपात बघितलेली माणसं डोंगराचं भविष्य लिहितात, वगैरे. मास्तर धापा टाकत होते, त्यामुळे वाद एकतर्फी झाला. पहिल्या दोरीशी पोचल्यावर मात्र ती गप्प झाली.

कापलेल्या चौकोनात सुईसारखे कोंब उभे होते. विरळ, पिवळट, मान टाकलेले. दोरीच्या पलीकडे, दोन पावलांवर, अस्वलाच्या चौकोनात अंगठ्याएवढे. मातीही तीच, सावलीही तीच, उतारही तोच. लानज्यू दोरी ओलांडून आत गेली, गुडघे टेकून बसली आणि पाचोळा हाताने बाजूला करू लागली. खणलेल्या जागा शोधत होती. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक खड्डा निघाला, मुठीएवढा. अस्वलाच्या चौकोनातही तसाच एक होता. मुळ्या कुठेच तुटलेल्या नव्हत्या.

मास्तर वहीत बघून बोलत होते, एका चौकोनातून दुसऱ्यात ये-जा करत. त्यांच्या पायांत शहरी, पातळ तळव्यांचे कापडी बूट होते. कापलेल्या चौकोनात ते बागेत फिरावं तसे फिरले. मग अस्वलाच्या चौकोनात शिरले आणि तिसऱ्या पावलाला ओरडून खाली बसले. खुंट तळव्यातून आत घुसला होता.

तिसरी हसायला लागली. तिला हसू आवरता यायचं नाही, मग ते लग्न असो नाही तर मयत. हसता हसता ती म्हणाली, "मास्तर, लानज्यूच्या बाजूला चाला. तिच्या बाजूला अनवाणी फिरलात तरी टोचायचं नाही. तीस वर्षांत तिने खुंट सोडलेला नाही."

लानज्यूचा हात पाचोळ्यातच थांबला.

हेइशिगोउमध्ये कोंब काढायची एक रीत आहे. पायाने पाचोळा सारायचा, बोट मातीत घालायचं आणि विळा मातीखालून फिरवायचा. वर काही ठेवायचं नाही. कारण मागून येणाऱ्या बाईच्या पायात कापडी जोडा असतो, आणि पाचोळ्याखालचा तिरका खुंट जोड्यासकट पाय फोडतो. खुंट सोडणारीला गावात पुढच्या वसंतात कुणी बरोबर घेत नाही. लानज्यूची सासू असाच पाय चिघळून दोन महिने खाटेवर होती. नवी सून म्हणून लानज्यूने तेव्हाच जे शिकायचं ते शिकून घेतलं, आणि पुढे तिच्याइतकं स्वच्छ कापणारी गावात दुसरी झाली नाही. सगळ्या बायका कबूल करायच्या.

आणि या सहा चौकोनांत तिने तेच केलं होतं, मन लावून. अस्वलासारखं काप, असं मास्तर म्हणाले होते. किती, असं तिने विचारलं होतं. सगळे, ते म्हणाले होते, अस्वल काय सोडतंय. तेव्हा तिला मनात हसू फुटलं होतं, कारण अस्वल अर्ध्याहून जास्त सोडतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रोजाने आलेल्या बाईने मास्तरला शिकवायचं कशाला? तिने सगळे कापले. जाड, बारीक, उशिरा फुटलेले. आड येणारे जुने पानांचे बांबू सुद्धा कापले, जागा छान मोकळी दिसावी म्हणून. आणि हिवाळाभर मक्याच्या दारूवर बायकांना नक्कल करून दाखवली, मास्तर वहीकडे बघून कसे म्हणतात, अस्वल काय सोडतंय. काय हसल्या होत्या सगळ्या.

जमिनीखालच्या मुळीला वरून पानं जेवू घालतात. पानच ठेवलं नाही तर ती पोसणार कशी? हे तिला काल उष्ट्याजवळ बसून दिसलं होतं आणि तरी दिसलं नव्हतं.

तिला आता राग आला होता तो आधीच्यापेक्षा मोठा होता, आणि त्याला जायला जागा नव्हती. मास्तर समोर बूट काढून रक्त पुसत बसले होते. त्यांना झोडपावं तर विळा आपला. गप्प बसावं तर महिनाअखेर यंत्रं. फान साहेब वर बघून म्हणालेच होते की मुळ्या काही खणलेल्या दिसत नाहीत, म्हणजे मास्तरांचं बरोबर दिसतंय.

"बरोबर नाहीये," लानज्यू म्हणाली. "हे अस्वलाने खाल्ल्यासारखं नाही. हे मी खाल्ल्यासारखं आहे."

तिने सगळं सांगितलं. मातीखालून कापलं ते सांगितलं, पानांचे बांबू पाडले ते सांगितलं, हिवाळाभर हसली होती तेवढं राखून ठेवलं. तिसरीचं हसू पहिल्यांदाच आटलं होतं. आपण काय बोलून बसलो ते तिला आता कळत होतं.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. त्यांनी आवाज चढवला. तीन वर्षं, ते म्हणाले. तीन वर्षांचं काम, जिल्ह्याला गेलेला अहवाल, आणि तुम्ही आत्ता सांगताय? माहीत होतं तर तेव्हा तोंड शिवलं होतं का?

"तुम्ही विचारलं होतं का?" लानज्यू पण उभी राहिली. "दोन वसंत मी तुमच्यासाठी कापलं. एक दिवस तरी बसून अस्वलाला खाताना बघितलंत? पहिल्या दिवशी पाय मुरगळला म्हणून उतरलात ते थेट मोजायला आलात. माझी चूक मी कबूल करते, तिच्यावर अंगठा देते. तुमची चूक कोण कबूल करणार, ही लेंडी?"

फान साहेबांनी दोघांच्या मध्ये हात धरला. ते खळ लावणारे असले तरी बिनडोक नव्हते. शांतपणे म्हणाले, अंगठा दिलात तर हुकूम थांबवायला माझ्याकडे कारण होईल. पण मग कागदावर असं लिहावं लागेल की मजुराने काम सांगितल्याप्रमाणे केलं नाही. चौकीचं कुठलंच काम तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. आणि तो कागद सुद्धा त्याच भिंतीवर लागेल.

लानज्यू ते ऐकून घेत होती आणि जबडा आवळत होती. थांग लानज्यूने नीट कापलं नाही, असं भिंतीवर. जिच्या कापण्याचं नाव होतं तिच्या कापण्यावर. येणारेजाणारे वाचणार, पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका वाचणार.

"लिहा," ती म्हणाली. "पण पुढे हेही लिहा की सगळे कापायला मास्तरांनी सांगितलं. नाही तर अंगठा नाही."

मास्तर बुटात पाय घालायचा प्रयत्न करत राहिले. शेवटी फान साहेबांच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "लिहा."

चौकीत परतून लाल शाईत तिने अंगठा दाबला, कागद फाटेल इतका. फान साहेबांनी तिच्या समोर जिल्ह्याला फोन लावला. वीस मिनिटं हो साहेब, हो साहेब झालं. मग फोन ठेवून त्यांनी सांगितलं की यंत्रं यायची नाहीत, चौकोन नव्याने आखायचे, निकाल लागेपर्यंत उतार आहे तसा राहील. नऊ दिवसही मिळतील. लानज्यूने आभार मानले नाहीत. बायकांनी बाहेर गलका केला तोही तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला, आणि देग्वेइने घरी करून दिलेल्या नूडल्स अर्ध्या टाकल्या.

चौथ्या दिवशी न्ये मास्तर लंगडत दारात आले. हातात काही भेटवस्तू वगैरे नव्हती, हे एक बरं होतं. बराच वेळ कोंबड्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "थांग ताई, अस्वल नेमकं कसं खातं?"

लानज्यूच्या डोक्यात परत तिडीक उठली. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य बोलायला काय झालं होतं? तेव्हा ते फुकट होतं. आज त्याच्यासाठी तिचं नाव भिंतीवर होतं. हे सगळं ती बोलली, सावकाश, एकही शब्द न गाळता, आणि मास्तर उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकत राहिले. बोलून झाल्यावर तिने आतून जाड तळव्याचे रबरी बूट आणून त्यांच्या पायांपुढे टाकले. देग्वेइचे होते.

"घाला. आणि वर पोचल्यावर तोंड उघडायचं नाही."

ओघळाच्या अलीकडे, वारा तोंडावर येईल अशा दगडाआड ती त्यांना घेऊन बसली. दुपारपर्यंत काही नाही. मास्तर दोनदा घड्याळाकडे बघायला गेले आणि दोन्ही वेळा तिने त्यांच्या मनगटावर चापट मारली. मग पलीकडच्या बेटात कोंब मोडल्याचा आवाज आला, कडाक्, आणि सावकाश चघळणं. पानांच्या फटीतून काळा कान दिसला, पांढऱ्या पोटावर टेकवलेला पंजा दिसला. अस्वल बसल्याजागी हात लांबवायचं, कोंब वाकवून बघायचं, बारीक असला की सोडून द्यायचं. जाड असला की खुडायचं, साल एका बाजूला ओढून काढायचं आणि कुरकुरीत आवाज करत खायचं. मास्तरांनी वही काढली होती पण लिहायला विसरले होते.

पाऊण तास झाला असेल. अस्वल उठलं, ढुंगण हलवत चढ चढू लागलं. मागे निम्मे कोंब उभेच होते, त्यात दोन तर चांगले जाड होते.

मास्तरांना राहवलं नाही. ते कुजबुजले, "जाड दोन राहिले की."

"त्याला कुणी रोजावर सगळे कापायला लावलेलं नाही," लानज्यू म्हणाली. आवाजात अजून धार होती. "आता लिहा. किती खाल्ले ते नंतर. आधी किती सोडले ते लिहा."